चित्रातून माणूस काढू नये

जुन्या कौटुंबिक फोटोतून एखादं माणूस काढून द्या, असं कुणी सांगितलं की मी काम घेत नाही. सांगलीत माझा जुने फोटो दुरुस्त करून देण्याचा व्यवसाय आहे. वडिलांचा स्टुडिओ होता. ते निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचे, मी स्कॅनर आणि कॉम्प्युटर घेऊन बसते. कसरीने खाल्लेला कोपरा, पावसाळ्यात ओल येऊन उठलेले डाग, घडीवर पडलेली चीर, काचेला चिकटून निम्मा निघालेला चेहरा, हे सगळं मी मनापासून सावरते. पण ‘मागच्या रांगेतली ही बाई काढून टाका, ही आमच्या घरातली नाही’ असं ऐकलं की फोटो पाकिटात घालून परत देते. गिऱ्हाईक दुखावतं. ‘अहो ताई, फोटो आमचा, माणसं आमची, पैसे आम्ही देतोय, मग तुमची हरकत कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दुकानात उभ्या उभ्या देता येत नाही, कारण ते एका चित्राच्या गोष्टीत आहे आणि ते चित्र अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातलं, १८३७ च्या सुमाराचं आहे.

फ्रेडरिक फ्राय हा जर्मनीतून येऊन न्यू ऑर्लिन्सला स्थिरावलेला व्यापारी आणि बँकर. फ्रेंच वस्तीत रॉयल स्ट्रीटवर त्याचं घर होतं, पत्नी कोराली तिथल्याच जुन्या फ्रेंच घराण्यातली. पैसा होता, प्रतिष्ठा होती, तीन मुलं होती: एलिझाबेथ, लिओन्तीन आणि धाकटा फ्रेडरिक. अशा घरांत त्या काळी जे करत तेच त्यांनी केलं, मुलांचं एकत्र चित्र काढून घेतलं. चित्रकार जाक आमां हा असावा, असं अभ्यासक मानतात. आमां फ्रान्समधून नुकताच त्या शहरात आला होता आणि पुढे तिथल्या धनिकांचा आवडता व्यक्तिचित्रकार झाला. साधारण चार फूट उंच आणि तीन फूट रुंद कॅनव्हास. मोकळ्यावर, झाडाजवळ, छान कपड्यांत तीन गोरी मुलं. आणि त्यांच्या मागे, त्यांच्यापेक्षा उंच, झाडाला टेकून हाताची घडी घातलेला एक काळा मुलगा. वय पंधरा. अंगात नीट शिवलेला कोट. गालांवर रक्ताची लाली चित्रकाराने जाणून उतरवलेली. नजर कुठेतरी दूर, स्वतःच्या विचारात.

त्याचं नाव बेलिझेर. तो फ्राय कुटुंबाच्या मालकीचा गुलाम होता. १८२२ साली न्यू ऑर्लिन्समध्येच जन्मलेला. १८२८ मध्ये फ्रायने त्याला आणि त्याची आई सॅली हिला विकत घेतलं, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्या काळी न्यू ऑर्लिन्स ही अमेरिकेतली गुलामांची सगळ्यात मोठी बाजारपेठ. माणसाची खरेदी तिथे घरजमिनीसारखीच नोटरीसमोर होई, खतात नाव, वय, किंमत लिहिली जाई.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझा व्यवसाय चित्राशी नसला तरी चौकटीत कोण बसतं याच्याशी आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या तैलचित्रात कुणीही योगायोगाने येत नाही. रस्त्यावरच्या फोटोत मागून जाणारा सायकलवाला येतो तसं तिथे होत नाही. चित्रकार दर सांगायचा तो साधारणपणे आकारावर आणि आकृत्यांवर: नुसता चेहरा, कमरेपर्यंतचं चित्र, पूर्ण उंचीचं चित्र, प्रत्येकाचा भाव वेगळा. चौथी आकृती घालायची म्हणजे जास्तीचे दिवस, जास्तीचा रंग, मांडणीचा नव्याने विचार. तेव्हा बेलिझेर तिथे आहे तो कुणीतरी ठरवलं म्हणून. मुलांना सांभाळणारा म्हणून असेल, श्रीमंती दाखवायची म्हणून असेल, घरातल्या कुणाचा त्याच्यावर जीव होता म्हणूनही असेल. हेतू चांगला होता असं मी म्हणणार नाही. ज्याला विकत घेतलं त्याला चित्रात घेतलं, एवढ्याने कुणी दयाळू ठरत नाही. पण तो त्या घराचा भाग होता, हे त्या घरानेच तैलरंगात लिहून दिलं. तो त्यांचा स्वतःचा जबाब आहे.

मग मृत्यू आला. एलिझाबेथ आणि लिओन्तीन दोघी १८३७ मध्येच गेल्या, बहुधा पीतज्वराने. त्या वर्षी शहरात त्याची मोठी साथ होती. धाकटा फ्रेडरिक त्यानंतर काही वर्षांनी गेला. चित्रातल्या चार मुलांपैकी मोठेपण पाहिलं ते फक्त बेलिझेरने. १८५६ मध्ये, फ्रायच्या मृत्यूनंतर, कोरालीने त्याला एव्हरग्रीन नावाच्या उसाच्या मळ्याला विकलं. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. उसाचा मळा म्हटल्यावर आम्हा सांगलीकरांच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यावरून त्याची कल्पना करू नये. लुइझियानाच्या साखरमळ्यांत गाळपाच्या दिवसांत रात्रंदिवस राबावं लागे आणि तिथे गुलाम लवकर मरत. १८६१ पर्यंत त्याचं नाव कागदांत सापडतं. पुढच्या वर्षी, यादवी युद्धात, उत्तरेच्या फौजांनी न्यू ऑर्लिन्स घेतलं. त्याने स्वातंत्र्य पाहिलं की नाही, हे कुठल्याच कागदात नाही.

चित्र मात्र कुटुंबात राहिलं. आणि १९०० च्या आसपास कुणीतरी बेलिझेरला झाकून टाकलं. त्याच्यावर आकाश रंगवलं, झाडी रंगवली. कुणी सांगितलं, कुणी रंगवलं, याची नोंद नाही. पण काळ कोणता होता ते माहीत आहे: गुलामगिरी कायद्याने संपून पस्तीसेक वर्षं झालेली, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांना रेल्वेच्या डब्यापासून शाळेपर्यंत वेगळं बसवणारे कायदे जोरात. तीन गोऱ्या मुलांच्या शेजारी उभा असलेला काळा मुलगा त्या काळात कुणालातरी दिवाणखान्याच्या भिंतीवर नकोसा झाला.

१९७२ मध्ये कुटुंबातल्या एका बाईंनी ते चित्र न्यू ऑर्लिन्सच्या कलासंग्रहालयाला दिलं. तिथे ते तीस वर्षांहून जास्त काळ कोठारात पडून होतं. रंगाखाली कुणीतरी उभं आहे हे डोळ्यांनाही कळत होतं, कारण खांद्याची आणि डोक्याची रेषा पुसट दिसायची. तरी कुणी खाली काय आहे ते पाहिलं नाही. २००५ मध्ये संग्रहालयाने चित्र लिलावात काढलं आणि ते सात हजार डॉलरच्या आसपास गेलं. नव्या मालकाने चित्र साफ करून घेतलं, तेव्हा वरचा रंग निघाला आणि बेलिझेर पुन्हा उभा राहिला. पुढे लुइझियानातले एक संग्राहक, जेरेमी सिमिएन, यांच्या नजरेला या चित्राचे दोन फोटो पडले: एकात चार मुलं, एकात तीन. त्यांनी चित्राचा माग काढला, २०२१ मध्ये ते विकत घेतलं आणि इतिहासकार केटी मॉर्लस शॅनन यांच्याकडे एकच काम दिलं: या मुलाचं नाव शोधा. शॅनन यांनी खरेदीखतं, मालमत्तेच्या याद्या, जनगणनेचे तक्ते उलटे-पालटे केले. फ्रायच्या घरातल्या गुलामांत त्या वयाचा मुलगा एकच निघाला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हे चित्र घेतलं. आता त्याचं नाव ‘बेलिझेर आणि फ्राय मुलं’ असं आहे. बेलिझेरचं नाव आधी.

त्याला शोधून काढलं ते ज्या कागदांनी, ते कागद त्याला वस्तू म्हणून मोजणारे होते. किंमत लिहायची म्हणून नाव लिहिलं आणि नाव लिहिलं म्हणून दोनशे वर्षांनी माणूस सापडला. हे वाचल्यापासून जुन्या याद्या, दुकानाच्या वह्या, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या कुणी रद्दीत घालताना दिसलं तर माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची श्रीमंत कुटुंबांची चित्रं मी पुस्तकांतून आणि संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून बरीच पाहिली आहेत. व्यवसायाचा भाग म्हणून सुरुवात केली, कारण आपल्याकडच्या ग्रुप फोटोची मांडणी, म्हणजे मध्ये कर्ता पुरुष, शेजारी खुर्चीत बायका, पायाशी मुलं, कडेला नोकर, ही त्याच चित्रांवरून आली आहे. त्या मांडणीत बोलणं असतं आणि ते बाहेरच्यांना उद्देशून असतं. कोपनहेगनमध्ये एकर्सबर्गने १८१८ साली काढलेलं नाथानसन कुटुंबाचं चित्र आहे. मेंडेल नाथानसन हा श्रीमंत ज्यू व्यापारी, ज्यूंना बरोबरीचे हक्क मिळावेत म्हणून झटलेला. डेन्मार्कच्या राजाने ते हक्क १८१४ मध्ये दिले. चित्रात आईवडील बाहेरच्या पोशाखात घरी परततायत, एक मुलगी पियानोवर आहे आणि बाकीची मुलं फेर धरून नाचतायत. आठही मुलं हजर. हे चित्र शेजाऱ्यांना सांगतंय की आम्हीही तुमच्यासारखेच, याच शहराचे. दुसऱ्याच वर्षी, १८१९ मध्ये, कोपनहेगनच्या रस्त्यांवर ज्यूंविरुद्ध दंगे झाले. ती नाचणारी मुलं दगडांचा आवाज ऐकत घरात बसली असतील, हा विचार केल्याशिवाय मला ते चित्र पाहता येत नाही.

गोयाने १८०० साली स्पेनच्या राजघराण्याचं भलंमोठं चित्र काढायला घेतलं. चौथा कार्लोस, राणी, मुलं, भावंडं. त्यात युवराजाशेजारी एक तरुणी तोंड फिरवून उभी आहे. ती युवराजाची होणारी बायको असावी असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. तेव्हा लग्न ठरलेलं नव्हतं, म्हणून अंगावर उंची कपडे आहेत आणि चेहरा नाही. येणाऱ्या माणसासाठी जागा राखून ठेवलेली! हे मला फार आवडतं. त्या तोंड फिरवलेल्या मुलीपुढे ‘हे माणूस आमच्यातलं नाही’ हे वाक्य फारच कोतं वाटतं.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. स्वातंत्र्यापूर्वीचा एक फोटो आला होता. घाटाखालच्या एका मोठ्या वाड्याच्या चौकातला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडेने चंदेरी झाक आलेली. मधे पगडीवाले आजोबा, दोन्ही बाजूंना भाऊ, पुढे जाजमावर मुलं. डाव्या टोकाला नऊवारीतली एक काळीसावळी बाई अर्धी खांबाआड उभी. पणतू फोटो घेऊन आला होता. वाड्याची शंभरी करायची होती, फोटो मोठा करून लावायचा होता. ‘ही कामवाली असणार. हिला काढा आणि खांब पूर्ण करून द्या. तेवढंच जरा नीट दिसेल.’

मी स्कॅन करून पडद्यावर तो कोपरा मोठा केला. बाईचा उजवा हात खाली गेला होता आणि जाजमावरच्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या दंडाला त्या हाताने घट्ट धरलं होतं. तिची चार बोटं त्याच्या झबल्याच्या बाहीवर स्पष्ट दिसत होती आणि कापड त्या बोटांभोवती चुणलं होतं. जुन्या कॅमेऱ्यात सावलीच्या चौकात फोटो काढायचा म्हणजे काच सेकंदभर तरी उघडी ठेवावी लागे. मूल हललं की चेहरा पुसला जाई. फोटोतल्या बाकीच्या दोन पोरांचे चेहरे तसे पुसले गेले होते. त्या एका पोराचा चेहरा मात्र इतका स्वच्छ होता की पापण्या मोजाव्यात. तो स्वच्छ होता कारण तिने त्याला धरलं होतं. आणि ते पोर म्हणजे समोर बसलेल्या माणसाचे सख्खे आजोबा.

त्या बाईला काढायचं तर तिची बोटंही काढायची, आणि बोटं काढली की आजोबांचा दंड आणि बाही मला माझ्या मनाने रंगवावी लागली असती. चुण्या कशाच्या आहेत ते कळलं नसतं, म्हणून चुण्याही गुळगुळीत कराव्या लागल्या असत्या. मी त्याला हे सगळं पडद्यावर दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, ‘ते ठीक आहे हो ताई, पण लोक विचारतील ही कोण.’ मी म्हटलं, ‘विचारू देत की. तुम्ही घरात विचारा, कुणाला तरी माहीत असेल.’ त्याने फोटो उचलला आणि नेला. दुसरीकडून काम करून घेतलं असेल. आता तर त्यासाठी कुणाकडे जायचीही गरज नाही. नको असलेल्या माणसावरून मोबाइलवर बोट फिरवलं की माणूस जातो आणि मागची भिंत आपोआप तयार होते.

माझी खरी काळजी इथे आहे. १९०० च्या आसपास ज्याने बेलिझेरला झाकलं, त्याच्याकडे फक्त ब्रश आणि रंग होता. तैलरंग वर्षानुवर्षं कडक होत जातो, तडकतो, त्यावर बारीक चिरांचं जाळं धरतं. नंतर लावलेला रंग त्या चिरांत उतरतो. त्यावरूनच तज्ज्ञांना कळतं की हा थर मागाहूनचा आहे आणि साधारण किती मागाहूनचा. मूळ थर पक्का झालेला असतो, वरचा त्या मानाने कच्चा. म्हणून योग्य द्रावकात बुडवलेला कापसाचा बोळा धीराने, इंच इंच फिरवत गेलं तर वरचं निघतं आणि खालचं राहतं. माणूस झाकणाऱ्याने नकळत तो जपूनही ठेवला होता. शंभर वर्षांनी कुणाला तरी लाज वाटली, कुतूहल वाटलं, तर परत जायला वाट होती.

आपण आज जे पुसतो त्याच्या खाली काही नसतं. फाइल पुन्हा साठवली की जुने बिंदू गेले, त्यांच्या जागी यंत्राने अंदाजाने बनवलेली भिंत आली. ती फाइल कुटुंबाच्या ग्रुपवर जाते, आणखी बारीक होते, घरोघर साठवली जाते. मूळ पुठ्ठ्याचा फोटो ‘आता स्कॅन आहे ना’ म्हणून माळ्यावरून थेट भंगारात जातो. मी हे अतिशयोक्तीने सांगत नाही. काम घ्यायला येणाऱ्यांना मी मूळ फोटो परत देते तेव्हा ‘हा आता ठेवून काय करू?’ असं विचारणारे नेहमी भेटतात. उद्या कुणी सिमिएन किंवा शॅनन आपल्या घरात जन्मले, तरी त्यांना खरवडायला थरच मिळणार नाही.

याच्या उलट एक चित्र सांगते. तेही श्रीमंत घरातलं, तेही मुलांचं, आणि आपल्या फार जवळचं, कारण आजचा मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच हैदराबादेतल्या घरचं. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक हा तिथला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट. त्याने खैरुन्निसा या तिथल्या खानदानी मुलीशी लग्न केलं होतं. त्यांना दोन मुलं झाली, साहिब आलम आणि साहिब बेगम. मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवायचं ठरलं. १८०५ मध्ये मद्रासला जहाजाची वाट बघत असताना जॉर्ज चिनरी या चित्रकाराने दोघांचं मोठं चित्र काढलं. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी तीनची. दोघं हैदराबादी दरबारी पोशाखात, पायऱ्यांवर उभी. मुलगा समोर बघतोय. मुलीची नजर खाली आणि डोळ्यांभोवती काळसर सावली. आई चित्रात नाही. पण ज्यांना हे चित्र पाहायला मिळेल त्यांना ती त्यात दिसल्याशिवाय राहत नाही, कारण त्या मुलांना तिनेच सजवून पाठवलं होतं आणि मागे तिच्यासाठी चित्र तेवढं राहणार होतं.

सप्टेंबरमध्ये मुलं जहाजावर चढली, ऑक्टोबरमध्ये बाप कलकत्त्यात वारला. इंग्लंडमध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला, त्यांची नावं विल्यम जॉर्ज आणि कॅथरिन अरोरा झाली. खैरुन्निसाला ती परत कधी दिसली नाहीत. १८१३ मध्ये, तिशीही गाठायच्या आत, ती गेली. चित्र पुढे हेन्री रसेल या कंपनीच्याच अधिकाऱ्याकडे आलं. बऱ्याच वर्षांनी कॅथरिन त्याच्या इंग्लंडमधल्या घरी गेली, भिंतीवर ते पाहिलं आणि तिला रडू आवरेना. तिची भाषा गेली होती, धर्म गेला होता, नाव गेलं होतं. आपण कोण होतो याचा तिच्यापुढे असलेला पुरावा म्हणजे ते कापड. समजा, कुणी ‘मुलं इंग्रज दिसायला हवीत’ म्हणून तो दरबारी पोशाख रंगवून फ्रॉक-कोट केला असता, तर ती कशापुढे रडली असती?

आता गिऱ्हाइकाच्या प्रश्नाकडे येते: फोटो आमचा, मग हक्कही आमचाच ना? कागद तुमचा आहे, यात वाद नाही. कपाटात ठेवा, जाळा, विका. पण त्यात उभं असलेलं माणूस तुमच्या मालकीचं नाही. फ्राय कुटुंबाने बेलिझेरला खरोखरच विकत घेतलं होतं, म्हणून त्यांच्या वारसांना त्याच्यावर रंग फासताना काही वाटलं नसेल. तुम्ही त्या खांबाआडच्या बाईला विकत घेतलेलं नाही. पगडीवाल्या आजोबांनी स्वतः, सगळं घर जमलं असताना, तिला चौकटीत उभं राहू दिलं. ती तिथे हवी की नको याचा निर्णय तेव्हा झाला, तो बदलायला आपण कोण? आणि फोटोतले कुणीच आता हो किंवा नाही म्हणायला हयात नाहीत.

हयात माणसांची गोष्ट वेगळी, हे मला मान्य आहे. घटस्फोट झालेली एक मुलगी आली होती. बाळाच्या बारशाच्या फोटोत मारहाण करणारा नवरा शेजारी होता. तिला बाळ आणि स्वतः, एवढंच भिंतीवर हवं होतं. मी लगेच करून दिलं, दोघांपुरता कापून. तो तिचा स्वतःचा फोटो, तिचं स्वतःचं दुखणं. पण तिलाही मी म्हटलं की मूळ फोटो एका पाकिटात घालून ठेव. लेक मोठी झाल्यावर बापाचा चेहरा बघायचा की नाही हे तिचं तिला ठरवू दे. ते तिला पटलं. कापणं आणि पुसणं यांत हा फरक आहे. कापलेल्या फोटोवरून कळतं की बाजूला काहीतरी होतं, कडेला खांदा राहतो. पुसलेला फोटो सांगतो की इथे भिंतच होती. तो खोटं बोलतो, आणि तो तुमच्या नातवंडांशी खोटं बोलणार असतो.

संग्रहालयांनाही माझं एक सांगणं आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कुटुंबचित्रांत भारतीय आया सर्रास दिसतात. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या, योहान झोफनीने १७८६ मध्ये काढलेल्या चित्राच्या नावातच कर्नल ब्लेअरचं नाव आहे, कुटुंब आहे आणि पुढे नुसतं ‘भारतीय आया’. मुलींबरोबर चित्रात उभी असलेली ती पोर स्वतःही लहानच आहे. आपल्या संस्थानांच्या आणि सरदारांच्या चित्रांखालीही ‘आणि सेवक’ एवढंच लिहिलेलं असतं. बेलिझेरचं नाव नोटरीच्या दप्तरातून निघालं, तसे आपल्याकडे दरबारी खर्चाचे कागद, पगारपत्रकं, इनामांची टिपणं आहेत. ती उघडून बसायला माणूस आणि पैसा लागतो, हे खरं. पण चित्र साफ करायला, चौकट बदलायला पैसा मिळतो, तर त्यातल्या माणसाचं नाव शोधायलाही मिळायला हवा. सापडलं तर ते फलकावर लिहावं, मालकाच्या नावाइतक्याच अक्षरांत.

घरी करायचं काम सोपं आहे आणि ते या आठवड्यातही होऊ शकतं. जुना ग्रुप फोटो काढा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई काही वर्षांनी झिरपते. डावीकडून रांगेने प्रत्येकाचं नाव, गाव आणि नातं लिहा. कडेला उभ्या असलेल्यांचीही नावं लिहा: दूध घालणारे, मुलं सांभाळणाऱ्या, स्वयंपाकाच्या मावशी, वाड्यात आश्रयाला आलेली लांबची विधवा आत्या. नाव माहीत नसेल तर ज्यांना माहीत असेल त्यांना फोन करा. घरातल्या नव्वदीच्या आजींना फोटो हातात देऊन विचारा, त्यांना नातवांची नावं आठवत नसली तरी ही आठवतात. त्या जे सांगतील ते सगळं लिहून घ्या, ‘हिने तुझ्या आजोबांना धरून ठेवलं होतं’ हेसुद्धा. आणि मूळ फोटो टाकू नका.